अर्जाचे नियम कोणाच्या हाती?

इलेक्ट्रॉनिक अर्ज म्हटला की पडद्यावरचे रकाने, निवडीच्या गोल-चौकोनी खुणा आणि तळाशी असलेले ‘सादर करा’ हे बटण एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे येते; परंतु असे अर्ज तयार करणे आणि ते वर्षानुवर्षे चालू ठेवणे हे ज्यांचे काम असते, त्यांच्या लेखी अर्जात तीन निराळे घटक असतात आणि या तिघांची सरमिसळ झाली की पुढची प्रत्येक दुरुस्ती मूळ कामापेक्षा महाग पडते. पहिला घटक माहितीच्या आराखड्याचा, म्हणजे अर्जदाराकडून नेमके काय घ्यायचे आणि ते कोणत्या रूपात साठवायचे याचा. दुसरा नियमांचा, म्हणजे कोणता रकाना सक्तीचा, कोणता कोणत्या परिस्थितीत लागू, कोणती बेरीज कशावरून निघते याचा. आणि तिसरा मांडणीचा. मांडणी दर काही वर्षांनी बदलते, नियम कायदा किंवा शासननिर्णय बदलला की बदलतात, माहिती मात्र अर्जदाराच्या हयातीपर्यंत, जन्माच्या आणि जमिनीच्या नोंदींच्या बाबतीत तर त्याच्याही पलीकडे, जपावी लागते. ज्या संस्थांनी हे तिन्ही घटक एकाच कंपनीच्या एकाच प्रणालीत बांधून टाकले, त्यांना ती प्रणाली बंद पडल्यावर अर्ज पहिल्यापासून लिहावे लागले, आणि तेही जुने नियम नेमके काय होते हे सांगणारे कोणी जागेवर उरलेले नसताना.

या अडचणीवरचा उपाय म्हणून खुल्या मानकांकडे पाहिले जाते. खुले मानक म्हणजे असे तांत्रिक विनिर्देश, जे कोणालाही वाचता येतात, जे राबवण्यासाठी स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही आणि ज्यांत बदल करण्याची प्रक्रिया एखाद्या विक्रेत्याच्या मर्जीवर न चालता सर्वांसमोर चालते. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे जे धोरण जाहीर केले, त्याचा रोख याच अटींवर होता. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीने, शुल्काविना वापराचे धोरण २००४ मध्येच स्वीकारले होते. तथापि ‘खुले मानक वापरावे’ एवढ्या उपदेशाने काम भागत नाही, कारण अर्जांच्या बाबतीत एक अत्यंत विचारपूर्वक घडवलेले खुले मानक ब्राउझरांनी न स्वीकारल्यामुळे वेबवर जवळपास निष्प्रभ ठरले, आणि त्यावर विसंबलेल्यांपैकी काही सावरले तर काही अडकले. कोण सावरले आणि कशामुळे, हे पाहिल्याशिवाय आजच्या निवडीचे निकष ठरवता येत नाहीत.

वेबवरील अर्जांची सुरुवात साधी होती. डेव्ह रॅगेट यांच्या १९९३ च्या एचटीएमएल प्लस या मसुद्यात अर्जाचे रकाने होते, त्याच वर्षी मोझेक या ब्राउझरने ते प्रत्यक्षात आणले, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६६ या दस्तऐवजाने एचटीएमएल २.० निश्चित झाले तेव्हा ते मानकाचा भाग बनले. एचटीएमएल ही पानाची रचना खुणांनी सांगणारी भाषा. तिच्यातला अर्ज म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांची एक यादी, जी बटण दाबताच सर्व्हरकडे, म्हणजे माहिती स्वीकारणाऱ्या दूरच्या संगणकाकडे, रवाना होते. रकान्यात काय चालेल आणि काय चालणार नाही हे सांगण्याची सोय, अक्षरांच्या कमाल संख्येसारख्या एखाद्या अपवादाखेरीज, त्या भाषेत नव्हती. त्यामुळे पडताळणीचे नियम जावास्क्रिप्ट या भाषेतील छोट्या प्रोग्रामांत लिहिले जाऊ लागले, आणि तेच नियम सर्व्हरवर दुसऱ्या एखाद्या भाषेत पुन्हा लिहावे लागत. एकाच अर्जात ब्राउझर ‘वय १८ पूर्ण’ मागतो आणि सर्व्हर ‘वय १८ पेक्षा जास्त’ मागतो, असा विसंवाद निर्माण होण्यास यापेक्षा अधिक अनुकूल परिस्थिती शोधूनही सापडली नसती. आणि अठराव्या वाढदिवशी अर्ज करणाऱ्यालाच तो विसंवाद प्रथम कळत असे.

या विस्कळीतपणाला डब्ल्यूथ्रीसीने दिलेले उत्तर म्हणजे एक्सफॉर्म्स. १४ ऑक्टोबर २००३ रोजी त्याची १.० ही आवृत्ती शिफारस म्हणून, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीच्या परिभाषेत पक्के मानक म्हणून, प्रसिद्ध झाली आणि १.१ ही आवृत्ती २० ऑक्टोबर २००९ रोजी आली. त्याची मूळ कल्पना अशी की अर्जाची माहिती एक्सएमएल या खुणांकित मजकुराच्या प्रकारात एका जागी ठेवावी, तिच्यावरील नियम दुसऱ्या जागी केवळ विधानांच्या रूपात लिहावेत, आणि पडद्यावरचे रकाने त्या माहितीकडे फक्त बोट दाखवणारे असावेत. नियम विधानांच्या रूपात लिहिणे म्हणजे ‘हे बटण दाबल्यावर तो रकाना लपव, मग ती बेरीज कर’ असा क्रम न सांगता ‘जोडीदाराचे नाव विवाहित असल्यासच लागू’, ‘एकूण क्षेत्र म्हणजे सर्व गटांच्या क्षेत्रांची बेरीज’ एवढेच सांगणे. ते केव्हा आणि कसे तपासायचे हे अर्ज चालवणाऱ्या प्रणालीने पाहावे. लागू असणे, सक्तीचे असणे, केवळ वाचनीय असणे, गणिताने निघणे आणि अट पाळणे अशी या विधानांची मोजकी रूपे होती. यांतून अर्जाचे नियम हे प्रोग्रामरखेरीज इतरांनाही, उदाहरणार्थ त्या योजनेच्या अधिकाऱ्यालाही, वाचता आणि तपासता येतील अशा स्थितीत आले.

या मानकाच्या संपादकांपैकी एक टी. व्ही. रामन हे मूळचे पुण्याचे. वयाच्या चौदाव्या वर्षी काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली, पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या आयआयटीत शिक्षण घेऊन ते कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी गणिती मजकूर वाणीने ऐकवणारी प्रणाली घडवली. ही पार्श्वभूमी केवळ अभिमानाने नोंदवण्याजोगी नाही, तिचा मानकाच्या रचनेशी संबंध जोडता येतो. एचटीएमएलमध्ये रकान्याचे नाव त्याच्या दिसण्यावरून पडले होते: गोल खूण, चौकोनी खूण. एक्सफॉर्म्समध्ये ते हेतूवरून पडले: ‘अनेकांतून एक निवडा’, ‘अनेकांतून कितीही निवडा’, ‘गुप्त मजकूर’. हेतू ठाऊक असला की तीच निवड एका यंत्रावर गोल खुणांनी दाखवता येते, दुसऱ्यावर यादीने, आणि तिसऱ्यावर पडदाच नसेल तर आवाजाने विचारता येते. दृष्टिहीन व्यक्तीला अर्ज भरता यावा म्हणून नंतर ठिगळे लावण्यापेक्षा अर्जाचे वर्णनच दृष्टिनिरपेक्ष करावे, हा विचार आजही जुना झालेला नाही.

एवढे असूनही एक्सफॉर्म्स ब्राउझरांत रुजले नाही. त्याला कारणे होती आणि त्यांतील पहिले अगदी व्यावहारिक होते: जुन्या ब्राउझरमध्ये एक्सफॉर्म्सचा अर्ज उघडला तर काहीही कामाचे दिसत नसे. मोझिला ब्राउझरसाठी वेगळे विस्तारक होते, इंटरनेट एक्सप्लोररसाठी फॉर्म्सप्लेअर नावाचा जोडप्रोग्राम होता, हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात एक्स-स्माइल्स नावाचा स्वतंत्र ब्राउझर होता. पण जिल्ह्याच्या गावातील सायबर कॅफेत बसलेल्या अर्जदाराकडून आधी जोडप्रोग्राम बसवून घेण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. दुसरे कारण मतभेदांचे. जून २००४ मध्ये सॅन होझे येथे डब्ल्यूथ्रीसीने भरवलेल्या कार्यशाळेत मोझिला आणि ऑपेरा यांनी असा प्रस्ताव मांडला की अस्तित्वात असलेल्या एचटीएमएललाच हळूहळू वाढवत न्यावे. त्या दिशेने काम करावे काय, या प्रश्नावर ८ मते बाजूने आणि १४ विरोधात पडली. त्यानंतर दोनच दिवसांनी ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या मंडळींनी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी नावाचा स्वतंत्र गट स्थापन केला, आणि त्या गटाच्या वेब फॉर्म्स २.० या मसुद्यातून आजच्या अर्जांची बरीचशी वैशिष्ट्ये निघाली. ती पुढे एचटीएमएल५ मध्ये समाविष्ट होऊन २८ ऑक्टोबर २०१४ रोजी डब्ल्यूथ्रीसीची शिफारस बनली, आणि डब्ल्यूथ्रीसी व हा गट यांच्यातील २०१९ च्या समझोत्यानंतर एचटीएमएलचा मूळ ग्रंथ कोणी सांभाळायचा हा वादही मिटला.

वेब फॉर्म्सचा विजय गुणवत्तेपेक्षा सौजन्याचा होता, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. ‘हा रकाना ईमेलचा आहे’ किंवा ‘हा तारखेचा आहे’ असे नव्या पद्धतीने लिहिले आणि ब्राउझरला ते कळले नाही, तर तो निमूटपणे मजकुराचा साधा रकाना दाखवतो. अर्ज अडत नाही. डेस्कटॉपवरील सफारी ब्राउझरमध्ये तारखेचा रकाना २०२१ पर्यंत आलेला नव्हता, तरीही तोपर्यंतची कित्येक वर्षे असे अर्ज तेथे भरले जात होते ते याच गुणामुळे. बदल्यात काही मोलाच्या गोष्टी हरवल्या. कुटुंबातील सदस्यांची यादी किंवा सातबारावरील अनेक गट अशा पुनरावर्ती ओळींसाठी वेब फॉर्म्सच्या मसुद्यात सोय होती, ती एचटीएमएल५ पर्यंत पोचली नाही. ‘विवाहित असल्यासच लागू’ यासारखे परस्परावलंबी नियम विधानांनी सांगण्याची सोयही आली नाही. म्हणून ही दोन कामे आजही जावास्क्रिप्टमध्ये करावी लागतात.

एक्सफॉर्म्सवर विसंबलेल्यांपैकी जे सावरले त्यांचा मार्ग असा होता की त्यांनी नियमांची फाइल एक्सफॉर्म्समध्ये ठेवली, परंतु ती चालवण्याचे काम ब्राउझरवर सोडले नाही. ऑर्बिअन फॉर्म्ससारखी प्रणाली सर्व्हरवर त्या फाइलचे रूपांतर साध्या एचटीएमएलमध्ये करते. अलँ कुत्यूर यांचे एक्सएसएलटीफॉर्म्स हेच रूपांतर ब्राउझरच्या आत करते. आणखी लांबचा प्रवास या मानकाने आरोग्य आणि ग्रामसर्वेक्षणाच्या क्षेत्रात केला. वॉशिंग्टन विद्यापीठातील गाएतानो बोरिएलो यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये सुरू झालेल्या ओपन डेटा किट या साधनसंचात अर्जाची फाइल म्हणजे एक्सफॉर्म्सचाच एक छोटा उपसंच असतो, आणि कोबोटूलबॉक्स व कॉमकेअर या तशाच साधनांच्याही मुळाशी तोच आहे. पोषण अभियानाच्या सुरुवातीच्या काळात अंगणवाडी सेविकांच्या मोबाइलवर असलेले नोंदणीचे ॲप कॉमकेअरवर उभारलेले होते. सर्वेक्षण आखणारा कार्यकर्ता आज एका साध्या स्प्रेडशीटमध्ये प्रश्न लिहितो आणि शेजारच्या स्तंभांत ‘रेलेव्हंट’, ‘कन्स्ट्रेंट’, ‘रिक्वायर्ड’ अशी शीर्षके वापरतो. हे शब्द एक्सफॉर्म्सच्या २००३ च्या मानकातून आलेले आहेत, हे त्याला बहुधा माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नाही. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर अर्ज भरून ठेवायचा आणि तालुक्याला आल्यावर पाठवायचा, ही गरज ज्या मानकाने भागवली ते ब्राउझरांच्या स्पर्धेत हरलेले होते, ही तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक गमतीची गोष्ट आहे.

याच्या उलट बाजूला बंदिस्त पद्धतींचा अनुभव ठेवून पाहावा. जेटफॉर्म या कंपनीत जन्मलेले आणि पुढे अडोबीकडे गेलेले एक्सएफए नावाचे तंत्र पीडीएफच्या आवरणात संपूर्ण अर्ज, त्याचे नियम आणि गणिते ठेवत असे. दिसायला कागदी अर्जाची हुबेहूब नक्कल, म्हणून कार्यालयांना ते फार भावले. परंतु ती फाइल अडोबीच्या रीडरखेरीज अन्य साधनात उघडली की बहुतेक वेळा ‘कृपया थांबा’ अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य दिसे आणि कितीही थांबले तरी पुढे काही येत नसे. २०१७ च्या पीडीएफ २.० या आंतरराष्ट्रीय मानकाने हे तंत्र कालबाह्य ठरवले. भारतात कंपनी कायद्याखालील बरेच ई-फॉर्म दीर्घकाळ पीडीएफ स्वरूपात भरले जात आणि २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने वेबवर आणले गेले. मायक्रोसॉफ्टच्या इन्फोपाथची गोष्टही फार निराळी नाही: २००३ मध्ये बाजारात आलेल्या या साधनाची २०१३ ची आवृत्ती शेवटची असल्याचे जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झाले. दक्षिण कोरियाचे उदाहरण अधिक मोठे आहे. तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस सीड नावाची देशी सांकेतीकरण पद्धत घडवली गेली, ऑनलाइन बँकिंगमध्ये ती ॲक्टिव्हएक्स या इंटरनेट एक्सप्लोररपुरत्या चालणाऱ्या जोडप्रोग्रामातून पुरवली गेली, आणि त्यामुळे एक संपूर्ण देश दीर्घकाळ एकाच ब्राउझरशी बांधला गेला. सुरक्षिततेचा मूळ हेतू योग्य होता. तो पुरा करण्याचे साधन मात्र एका कंपनीच्या हाती होते, आणि तो ब्राउझरच १५ जून २०२२ रोजी निवृत्त करण्यात आला.

या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या की निवडीसाठी दोन प्रश्न पुरेसे ठरतात. अर्ज चालवणारी प्रणाली उद्या नाहीशी झाली तर अर्जाचे नियम वाचता येतील काय, हा पहिला. आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान दोन-तीन संस्थांनी हे मानक आज राबवले आहे काय, हा दुसरा. एक्सफॉर्म्स पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होते, दुसऱ्यात वेबपुरते अनुत्तीर्ण. एक्सएफएचा विनिर्देश प्रसिद्ध असूनही दुसऱ्या प्रश्नाने त्याचा घात केला. एचटीएमएलचे रकाने दुसऱ्या प्रश्नात निःसंशय उत्तीर्ण होतात, परंतु पहिल्याचे उत्तर अर्ज कसा लिहिला यावर अवलंबून राहते, आणि म्हणून पुढील मार्गदर्शन मुख्यतः तेवढ्यापुरते आहे.

एचटीएमएलमध्ये अर्ज लिहिताना भाषेने दिलेला रकाना सोडून स्वतःचा सजवलेला रकाना बनवण्याचा मोह सर्वांत आधी आवरावा लागतो. रंगीत चौकोन आणि त्यावर जावास्क्रिप्ट असा बनवलेला ड्रॉपडाउन माउसने चालतो, पण अनेकदा कीबोर्डने चालत नाही, आणि स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाला, तो रकाना आहे हेच कळत नाही. प्रत्येक रकान्याला लेबल म्हणून त्याचे नाव जोडलेले असावे; रकान्यातच फिकट अक्षरांत सूचना लिहून लेबल गाळण्याची जी प्रथा पडली आहे ती टाळावी, कारण टंकन सुरू होताच ती सूचना नाहीशी होते आणि अर्जदाराला आपण काय भरत आहोत याचा विसर पडतो. सक्तीचे असणे, किमान-कमाल मर्यादा आणि नमुना या गोष्टी भाषेच्या गुणधर्मांतूनच सांगाव्यात, म्हणजे त्या पानाचा मजकूर वाचूनही समजतात. मात्र ब्राउझरने केलेली पडताळणी ही अर्जदाराची सोय आहे, संस्थेचे संरक्षण नव्हे. ती बंद करणे किंवा टाळणे सहज शक्य असल्याने प्रत्येक नियम सर्व्हरवर पुन्हा तपासणे अपरिहार्य ठरते, आणि दोन्हीकडचे नियम एकाच लिखित नियमसूचीतून तयार होतील अशी व्यवस्था केली तर अठराव्या वाढदिवसाचा तो जुना विसंवाद टळतो.

मराठीत अर्ज घेणाऱ्यांसाठी मानकांतील बारकावे विशेष महत्त्वाचे ठरतात, आणि त्यांविषयी लिहिले फार कमी गेले आहे. नावाच्या रकान्यावर ‘फक्त अक्षरे’ असा नमुना लावणे ही नेहमीची पद्धत. अनेक अर्जांत त्याचा अर्थ ए ते झेड एवढाच असतो आणि देवनागरी नाव सरळ नाकारले जाते. जागरूक प्रोग्रामर त्याऐवजी युनिकोड या लिप्यांच्या अक्षरसंकेतांच्या मानकातील ‘कोणत्याही लिपीचे अक्षर’ हा वर्ग वापरतो, आणि तरीही ‘शिवाजी’ हे नाव नाकारले जाते, कारण युनिकोडच्या वर्गवारीत श, व, ज ही अक्षरे असली तरी वेलांटी, काना, हलन्त आणि अनुस्वार ही चिन्हे आहेत, अक्षरे नव्हेत. नमुन्यात चिन्हांचा वर्गही जोडला की शिवाजी स्वीकारला जातो, पण गोऱ्हे किंवा वऱ्हाडे या आडनावांवर पुन्हा अडचण येऊ शकते: त्यांतील अर्धा ‘र’ काही कीबोर्ड खास ‘ऱ’ या वर्णाने आणि हलन्ताने घडवतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून, आणि ते अदृश्य चिन्ह वरच्या दोन्ही वर्गांत बसत नाही. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, संगणकाला भिन्न. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही, म्हणून साठवण्यापूर्वी एक रूप ठरवून घेतले नाही तर त्या व्यक्तीचा अर्ज शोधात सापडत नाही. सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे नावाच्या रकान्यावर नमुना लावूच नये, कारण माणसाचे नाव चुकीचे आहे हे ठरवण्याचा अधिकार प्रोग्रामरला दिलेला नसतो.

अक्षरांच्या कमाल संख्येची गोष्टही अशीच फसवी आहे. एचटीएमएलची ही मर्यादा संगणकाच्या सांकेतिक एककांत मोजली जाते. ‘श्रीकृष्ण’ वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा वाटला तरी मोजणीत तो नऊ भरतो, आणि इंग्रजी नावांसाठी २० ची मर्यादा ठेवणाऱ्या अर्जात तीन-चार जोडाक्षरांचे नाव व आडनाव अर्धवट तुटते. संख्यांच्या बाबतीत ‘० ते ९’ असा इंग्रजी आकड्यांचा नमुना देवनागरी आकडे नाकारतो, म्हणून मोबाइल क्रमांकात मराठी आकडे आले तर ते नाकारण्याऐवजी बदलून घ्यावेत. शिवाय पिनकोड, आधार किंवा खाते क्रमांक यांसाठी ‘संख्या’ प्रकारचा रकाना वापरू नये. तो प्रकार ज्यांवर गणित करता येते अशा राशींसाठी आहे, त्यात खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्य गळू शकते आणि माउसचे चाक फिरले की आकडाही बदलू शकतो. ब्रिटिश सरकारच्या अर्जांसाठी असलेल्या डिझाइन सिस्टिमने याच कारणांमुळे २०२० मध्ये मजकुराचा रकाना आणि त्यावर अंकांचा कीबोर्ड मागणारा गुणधर्म अशी जोडी स्वीकारली. तारखेचा रकाना माहिती नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने पाठवतो, मग पडद्यावर ती कशीही दिसो, हा मानकाचा मोठा लाभ. परंतु तो पूर्ण तारीख मागतो. महाराष्ट्रात जुन्या पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली म्हणून. अशा अर्जदारांकडून तारीख घेताना ‘वर्ष माहीत, दिवस अंदाजे’ अशी नोंद करण्याची सोय माहितीच्या आराखड्यात ठेवली नाही, तर कागदी अर्जाच्या समासात लिहिता येणारे सत्य इलेक्ट्रॉनिक अर्जात कुठेच लिहिता येत नाही.

नियम मांडणीपासून वेगळे ठेवण्याचा लाभ अलीकडे एका शासननिर्णयाने स्पष्ट केला. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला. ज्या प्रणालींत नाव म्हणजे पडद्यावरचे तीन रकाने आणि त्यांना चिकटलेला प्रोग्राम अशी स्थिती होती, तेथे हा बदल म्हणजे अर्ज, छापील दाखला, शोध आणि जुन्या नोंदींशी जुळणी या सर्वांची फेररचना. जेथे ‘जन्मतारीख या दिवशी किंवा त्यानंतरची असल्यास आईचे नाव सक्तीचे’ असे एक विधान नियमसूचीत घालता येत होते, तेथे मुख्य काम तेवढेच होते.

सुलभतेचे निकष हे या विषयाचे परिशिष्ट मानण्याची चूक करू नये. डब्ल्यूथ्रीसीच्या सुलभता मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आली आणि तिच्यात एकदा भरलेली माहिती त्याच प्रक्रियेत पुन्हा मागू नये, तसेच ओळख पटवताना स्मरणशक्तीची किंवा कोडी सोडवण्याची परीक्षा घेऊ नये, अशा अटी नव्याने आल्या. पासवर्ड किंवा ओटीपी चिकटवू न देणारे अर्ज दुसऱ्या अटीच्या विरुद्ध जातात. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीविषयीच्या याचिकांवर, ज्यांत डोळ्यांची उघडझाप करता न येणाऱ्या व्यक्तींना ओळख पटवता येत नसल्याचा मुद्दा होता, निर्णय देताना डिजिटल सेवांची पोच हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग मानला. अर्जात चूक दाखवताना रकाना केवळ लाल करणे पुरेसे नाही. चूक कोणत्या रकान्यात आहे आणि ती कशी सुधारावी हे त्या रकान्याशी जोडलेल्या शब्दांत सांगावे लागते. मुदतीची मर्यादा असलेल्या अर्जात वेळ संपण्यापूर्वी सूचना देऊन ती वाढवण्याची संधी द्यावी आणि भरलेला मजकूर टिकवावा; तालुक्याच्या सेवा केंद्रात वीज गेल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणाऱ्याला सुलभतेचे तत्त्व समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

अर्जाचे काम बाहेरच्या कंपनीकडे देताना करारात नेमके काय लिहून घ्यावे, हा प्रश्न बहुधा तांत्रिक मंडळींवर सोडला जातो आणि तेथेच नुकसान होते. ‘खुली मानके वापरली जातील’ हे वाक्य करारात असून नसल्यासारखे आहे, कारण ते मोडले गेले हे सिद्ध करता येत नाही. त्याऐवजी मागण्या तपासता येतील अशा असाव्यात: माहितीच्या आराखड्याचे आणि नियमसूचीचे साध्या मजकुरातील दस्तऐवज दर बदलाबरोबर संस्थेकडे सुपूर्द व्हावेत, सर्व नोंदी युनिकोडमध्ये आणि कोणत्याही साधनाने वाचता येईल अशा रूपात बाहेर काढता याव्यात, आणि क्रोम, फायरफॉक्स व सफारी या तिन्हींत, केवळ कीबोर्डने, अर्ज पूर्ण भरून दाखवावा. अंतिम देयक देण्यापूर्वी काढलेल्या नोंदी दुसऱ्याच कोणाकडून वाचून घ्याव्यात, आणि चाचणीच्या नावांच्या यादीत एक गोऱ्हे, एक श्रीकृष्ण आणि जन्माचे केवळ वर्ष माहीत असलेला एक अर्जदार आवर्जून ठेवावा.